स्प्रिंटच्या आठव्या दिवशी सगळी कार्डं टेस्टिंगमध्ये तुंबतात. बोर्डवर टप्पे कसे ठेवावेत?

निळी_चिठ्ठी (प्रश्न)

नमस्कार. टीम पुण्यात, सात जणांची: चार डेव्हलपर, दोन टेस्टर, एक स्क्रम मास्टर (टीमची कामाची पद्धत सांभाळायला). पीओ (प्रॉडक्ट ओनर, काय बनवायचं ते ठरवणारी) ग्राहकाकडची, शिकागोला बसते. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट घेण्याचं वेब अ‍ॅप आहे. स्प्रिंट, म्हणजे निवडलेली कामं संपवायची ठराविक फेरी, दोन आठवड्यांचा, म्हणजे कामाचे १० दिवस. जिरा (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) वापरतो, प्रोजेक्ट कंपनी-मॅनेज्ड प्रकारचा, म्हणजे ज्याची मांडणी जिराचे प्रशासक सांभाळतात.

बोर्डवर पाच कॉलम आहेत: टू डू, इन प्रोग्रेस, कोड रिव्ह्यू, क्यूए (टेस्टिंग), डन. मागच्या स्प्रिंटमध्ये १४ स्टोऱ्या (वापरणाऱ्याच्या दृष्टीने एकेक काम, बोर्डवर एकेक कार्ड) घेतल्या होत्या. आठव्या दिवशी सकाळी बोर्ड असा होता: टू डूमध्ये १, इन प्रोग्रेसमध्ये ४, रिव्ह्यूत ३, क्यूएमध्ये ५ आणि डनमध्ये फक्त १. शेवटी कशाबशा ८ सुटल्या, ६ मागील पानावरून पुढे चालू. बर्नडाउनची (उरलेल्या कामाच्या आलेखाची) रेघ आठ दिवस आडवी आणि मग एकदम खाली. सलग चौथा स्प्रिंट असाच गेला.

अडचणी अशा:

क्यूएमध्ये बग सापडला की कार्ड मागे इन प्रोग्रेसला न्यायचं, तिथेच ठेवायचं की वेगळं बग तिकीट (जिरातली नोंद) काढायचं? तीन माणसं तीन पद्धतींनी वागतात.

‘ब्लॉक्ड’ असा वेगळा कॉलम करावा का?

प्रत्येक स्टोरीला बॅकएंड, फ्रंटएंड, टेस्टिंग अशा सबटास्क (पोटकामं) असतात. सबटास्क भराभर बंद होतात, स्टोरी मात्र हलत नाही.

आणि मुळात टप्पे किती असावेत? पाच पुरेत की क्यूए, यूएटी (ग्राहकाने करायची चाचणी), स्टेजिंग (रिलीजआधीचा सरावाचा सर्व्हर), रिलीज असे दहा करावेत?

---

खेचपद्धत

तुमच्या बोर्डवर काम दिसतंय, पण थांबणं दिसत नाही. क्यूएमध्ये पाच कार्डं आणि टेस्टर दोन. म्हणजे एका वेळी फार तर दोन कार्डं खरोखर तपासली जाताहेत, तीन नुसती रांगेत आहेत. बोर्ड मात्र पाचही ‘टेस्टिंग चालू’ म्हणून दाखवतो. रिव्ह्यूचंही तेच. पीआर (आपला कोड मुख्य कोडमध्ये मिसळण्याची, म्हणजे मर्जची, विनंती) उघडून ठेवला आणि कुणी बघितलाच नाही, तरी कार्ड रिव्ह्यूतच.

त्यामुळे टप्पे किती, याचं उत्तर आकड्यात नाही. जिथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं आणि मध्ये थांबतं, तिथे टप्पा लागतो. तोच माणूस त्याच बैठकीत पुढचं काम करत असेल, तर वेगळा टप्पा नको. ‘अ‍ॅनालिसिस’, ‘डिझाइन’, ‘कोडिंग’, ‘युनिट टेस्ट’ असे चार कॉलम करून काही कळत नाही, कारण एकच डेव्हलपर दिवसातून चार वेळा त्यांच्यात मागेपुढे करतो आणि कार्ड हलवायचं विसरतो.

तुमच्यासाठी हे टप्पे सुचवतो:

निवडलेलं
डेव्हलपमेंट
रिव्ह्यू
टेस्टिंगला तयार (ही रांग)
टेस्टिंग
पीओ मान्यता (हीसुद्धा बहुतेक वेळ रांगच)
डन

आता हातातल्या कामाची मर्यादा, म्हणजे विप लिमिट. डेव्हलपमेंट, रिव्ह्यू आणि ‘टेस्टिंगला तयार’ या तिघांना मिळून ५. टेस्टिंग २. पीओ मान्यता २. म्हणजे सगळं मिळून जास्तीत जास्त ९ कार्डं हातात.

तिघांना मिळून का, ते नीट बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. थांबलेलं कार्ड कोणाच्या खात्यावर धरायचं? टेस्टरच्या खात्यावर धरलं, तर डेव्हलपर आपलं कार्ड पुढे ढकलून मोकळा होतो आणि लगेच नवं उघडतो. रांग वाढत जाते आणि टेस्टरवर खापर फुटतं. तेच डेव्हलपरांच्या खात्यावर धरलं, तर ‘टेस्टिंगला तयार’मध्ये तीन कार्डं साचली की डेव्हलपमेंट आणि रिव्ह्यू मिळून दोनच जागा उरतात. उरलेल्या दोघा डेव्हलपरांना नवं काही उघडता येत नाही. मग त्यांनी काय करायचं, तर रांग हलवायची: पडून राहिलेला पीआर बघायचा, क्यूए सर्व्हर मोडला असेल तर उभा करायचा, टेस्ट डेटा तयार करून द्यायचा, स्वयंचलित टेस्ट लिहायच्या, किंवा दुसऱ्याने लिहिलेली स्टोरी टेस्टरच्या यादीप्रमाणे तपासायची. स्वतःची स्टोरी स्वतः तपासून पास करायची नाही, एवढं पथ्य पाळा.

जिरात दोन-तीन कॉलमना मिळून एक मर्यादा घालता येत नाही, प्रत्येक कॉलमची वेगळी असते. त्यावर उपाय: तीन स्टेटस वेगळे ठेवा, पण बोर्डच्या सेटिंगमध्ये ते एकाच कॉलमला जोडा आणि त्या कॉलमला कमाल ५ द्या. कार्ड ओढताना त्या कॉलममध्ये तिन्ही स्टेटसचे वेगळे चौकोन दिसतात, हव्या त्यात सोडायचं. रांगेतलं कार्ड चटकन कळावं म्हणून कार्डाचा रंग स्टेटसवरून ठरवा, म्हणजे ‘टेस्टिंगला तयार’ नारंगी वगैरे. अ‍ॅझ्युअर बोर्ड्समध्ये (मायक्रोसॉफ्टचं असंच सॉफ्टवेअर) कॉलमचे ‘चालू’ आणि ‘झालं’ असे दोन भाग करण्याची सोय मुळातच आहे आणि मर्यादा दोन्ही भाग मिळून मोजली जाते.

जिरा मर्यादा मोडण्यापासून कुणाला अडवत नाही, कॉलम फक्त लाल होतो. अडवायचं काम टीमचं. पहिले दोन आठवडे हे सगळ्यांना टोचतं. रिकामा डेव्हलपर दिसला की कुणीतरी वरून ‘तोवर हे एक उघडून ठेव’ म्हणतं, आणि मर्यादा तिथेच मोडते. स्क्रम मास्टरने तेवढा एक क्षण राखला पाहिजे.

‘ब्लॉक्ड’ कॉलम करू नका. त्यात गेलेलं कार्ड कुठल्या टप्प्यावर अडलं ते पुसलं जातं, मर्यादेतली त्याची जागाही मोकळी होते आणि नवं काम आत शिरतं. भिजत घोंगडं ठेवायची ती हक्काची जागा होऊन बसते. कार्ड आहे त्या टप्प्यावरच राहू द्या, फ्लॅग लावा आणि कॉमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: कशासाठी अडलं, कोणाकडे विचारणा केली, कोणत्या तारखेला. अडलेलं कार्ड मर्यादेत मोजलं जातंच.

---

बग_वही

बगच्या प्रश्नावर लिहिते. आधी दाराशी काय तपासायचं ते ठरवा. बरीचशी कार्डं टेस्टिंगमधून परत जातात ती बगमुळे नाही, अर्धवट आल्यामुळे.

‘टेस्टिंगला तयार’ म्हणायचं असेल तर कार्डावर हे हवं: सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर) सगळ्या टेस्ट हिरव्या, स्टोरीचे सगळे पीआर मर्ज, क्यूए सर्व्हरवर बिल्ड (कोडपासून तयार केलेली आवृत्ती) चढलेला आणि त्याचा क्रमांक कार्डावर लिहिलेला, फीचर फ्लॅग (सोय चालू-बंद करायची कळ) असेल तर त्याचं नाव आणि तो चालू आहे की बंद, आणि डेव्हलपरने क्यूए सर्व्हरवर मुख्य वाट एकदा स्वतः चालवून बघितल्याची नोंद. शेवटची अट पाच मिनिटांची आहे, पण ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हा वाद त्यानेच मिटतो. मर्ज झालं म्हणजे क्यूएवर पोचलं असं नसतं. मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) चाललेलं नसतं, कॉन्फिगमधली एखादी की राहिलेली असते, आणि टेस्टरचा अर्धा दिवस बग नसलेल्या बगच्या मागे जातो.

कार्ड मर्ज झाल्यावर आपोआप पुढे सरकवणारा नियम लावला असेल तर हे दोनदा तपासा. एका स्टोरीचे दोन पीआर असतात, एक बॅकएंडचा आणि एक फ्रंटएंडचा. पहिला मर्ज झाला की कार्ड उडी मारतं आणि टेस्टरला स्क्रीनच सापडत नाही. नियम क्यूएवरच्या डिप्लॉयला बांधा, मर्जला नको.

आता बग. तीन प्रकार करा.

स्टोरीच्या मान्यतेच्या अटींपैकी एखादी मोडते: हा त्याच स्टोरीचा अपुरेपणा आहे. वेगळं बग तिकीट नको. कार्डाखाली सबटास्क काढा, त्यात पायऱ्या, अपेक्षित काय, झालं काय, बिल्ड क्रमांक आणि ब्राउझर लिहा. वेगळं तिकीट काढलं की स्टोरी ‘डन’ होते आणि तिचंच उरलेलं काम बॅकलॉगमध्ये (पुढे करायच्या कामांच्या यादीत) जाऊन पडतं. वेग चांगला दिसतो, माल अर्धा असतो.

आधीपासून प्रॉडक्शनमध्ये असलेला बग तपासताना दिसला: वेगळं तिकीट, बॅकलॉगमध्ये. प्राधान्य पीओ ठरवेल. स्टोरी त्यासाठी अडवायची नाही.

अटींमध्ये नव्हतंच, पण असायला हवं होतं असं आता वाटतंय: ती नवी स्टोरी. उदाहरणार्थ अपॉइंटमेंट पुढे ढकलताना डॉक्टर रजेवर असेल तर काय करायचं, हे कुणी लिहिलंच नव्हतं. यावर टेस्टर आणि डेव्हलपर आपापसात निर्णय घेतात तिथे चूक होते. पीओला विचारा.

पहिल्या प्रकारात कार्ड मागे न्यायचं का? माझं मत, न्यायचं नाही. फ्लॅग लावून टेस्टिंगमध्येच ठेवा आणि डेव्हलपरने तिथे येऊन दुरुस्ती करावी. मागे नेलं की ते पुन्हा पूर्ण रांग पार करून येतं.

आणखी एक, टेस्टरचं काम कार्ड ‘निवडलेलं’मध्ये असतानाच सुरू झालं पाहिजे. डेव्हलपर, टेस्टर आणि पीओ यांनी वीस मिनिटं बसून पाच-सहा उदाहरणं लिहायची. ‘भेटीला २३ तास उरले असताना वेळ बदलली तर? बरोबर २४ तास उरले असताना?’ अशी. सीमेवरचं उदाहरण आधी लिहिलं की बगची निम्मी चर्चा कोड लिहायच्या आधीच होऊन जाते.

---

खेचपद्धत

बग_वही, बाकी सगळं पटलं, पण कार्ड टेस्टिंगमध्येच ठेवण्याबाबत एक अडचण आहे. टेस्टिंगची मर्यादा २. दोन्ही कार्डं दुरुस्तीसाठी डेव्हलपरची वाट बघत बसली, तर टेस्टरच्या हाताला काम असून घेता येत नाही. थांबणं डेव्हलपरमुळे आणि भरतंय टेस्टरचं खातं.

यावर चालणारा नियम असा: दुरुस्ती पुढच्या स्टँडअपच्या (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीच्या) आत होणार असेल तर कार्ड तिथेच, फ्लॅग लावून. त्याहून जास्त लागणार असेल तर कार्ड डेव्हलपमेंटला परत, आणि त्या पाचांत जागा नसेल तरी ते जातंच. मग मर्यादा मोडलेली असेपर्यंत डेव्हलपरांपैकी कुणी नवं उघडायचं नाही. परत आलेलं कार्ड सगळ्यांच्या आधी.

---

बग_वही

स्टँडअपची सीमा मान्य. फक्त परत आलेलं कार्ड दुरुस्त झाल्यावर त्याच टेस्टरकडे जाऊ द्या आणि रांगेत सगळ्यात वर ठेवा. दुसऱ्या टेस्टरने घेतलं तर सगळं पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं.

---

आकडेमोड

निळी_चिठ्ठी, तुमच्याच आकड्यांवरून एक हिशेब मांडतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांबद्दलचं एक सूत्र सिद्ध केलं. आपल्या भाषेत: एका कार्डाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे हातातली सरासरी कार्डं भागिले रोज सुटणारी सरासरी कार्डं.

१० दिवसांत ८ सुटली, म्हणजे रोज ०.८. आठव्या दिवशी हातात १२ होती (४ + ३ + ५). १२ भागिले ०.८ म्हणजे १५ दिवस. आठव्या दिवसाचा आकडा जास्तीतला असेल, म्हणून सरासरी ९ धरा, तरी सव्वा अकरा दिवस. तुमचा स्प्रिंट १० दिवसांचा. सरासरी कार्ड स्प्रिंटमध्ये मावतच नाहीये. माणसं किती जोरात काम करतात याचा इथे संबंध नाही, एकाच वेळी फार कार्डं उघडी आहेत. सरासरी ६ वर आणली आणि सुटण्याचा वेग तोच राहिला, तरी साडेसात दिवस होतात.

सूत्र वापरताना सांभाळा: तिन्ही आकडे त्याच कालावधीचे हवेत, आत येणारी आणि बाहेर पडणारी कार्डं साधारण सारखी हवीत, आणि सुरू केलेलं कार्ड गुपचूप हटवायचं नाही. हातातली कार्डं रोज ठराविक वेळेला मोजून लिहा, स्टँडअपला मोजली तरी चालेल.

पुढची पायरी. गेल्या २० सुटलेल्या कार्डांचा कालावधी काढा. पहिल्यांदा डेव्हलपमेंटला गेलं ती तारीख ते शेवटी डन झालं ती तारीख, फक्त कामाचे दिवस, आणि त्यात १ मिळवा, म्हणजे त्याच दिवशी सुटलेल्याला १ येतो, ० नाही. मागे परत गेलं तरी घड्याळ शून्यावर आणू नका. मग चढत्या क्रमाने लावा. समजा असे आले:

१, २, २, ३, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ५, ६, ६, ७, ७, ८, ९, ११, १६

२० चे ८५ टक्के म्हणजे १७. सतरावा आकडा ८. म्हणून ‘सुरू केलेलं कार्ड १०० पैकी ८५ वेळा ८ दिवसांत सुटतं’ असं म्हणता येतं. इथे सरासरी साडेपाच येते, पण सरासरीवर वचन देऊ नका. या यादीत सहा किंवा जास्त दिवस लागलेली कार्डं आठ आहेत, म्हणजे पाचातली दोन.

हा ८ बोर्डवर लिहून ठेवा आणि रोज हातातल्या प्रत्येक कार्डाचं वय बघा. वय म्हणजे सुरू होऊन किती दिवस झाले. जिरा कार्डावर त्या कॉलममध्ये किती दिवस झाले ते ठिपक्यांनी दाखवतं, पण एकूण वय त्यातून कळत नाही, ते वेगळं काढावं लागतं. पाच दिवसांचं कार्ड अजून डेव्हलपमेंटमध्येच असेल तर त्याच दिवशी बोला: तुकडे करायचे, दोघांनी मिळून बसायचं, की अट कमी करायची. सुटलेल्या कार्डाचा कालावधी कळतो तोवर काही करण्याची वेळ गेलेली असते, वय मात्र आजच कळतं.

स्टँडअपही याच क्रमाने घ्या. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. आधी पीओ मान्यता, मग टेस्टिंग, मग रांग, शेवटी डेव्हलपमेंट. प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न: हे पुढच्या टप्प्यात जायला आज काय लागेल? ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न स्क्रम गाइडच्या (स्क्रम पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेच्या) २०२० च्या आवृत्तीत राहिलेले नाहीत. सात माणसं आणि नऊ कार्डं, १५ मिनिटांत आरामात होतं.

मर्यादा घालून काम खेचण्याची ही पद्धत मुळात टोयोटाच्या कारखान्यातली. सॉफ्टवेअरमध्ये तिचं सुरुवातीचं गाजलेलं उदाहरण २००४ चं, मायक्रोसॉफ्टची अंतर्गत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या टीमचं, आणि तिचे डेव्हलपर-टेस्टर हैदराबादेत होते. डेव्हिड अँडरसन यांनी ते जगासमोर मांडलं. तिथे नव्या विनंत्यांचे अंदाज काढण्यातच टीमचा मोठा वेळ जात होता. ते अंदाज थांबवले, डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगच्या आधीच्या रांगांना मर्यादा घातली, आणि त्याच माणसांकडून जास्त काम जास्त लवकर बाहेर पडू लागलं. सात जणांच्या टीमने ते उदाहरण जरूर अभ्यासावं.

---

निळी_चिठ्ठी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी अजून विचारते. पीओ शिकागोला असल्यामुळे मान्यता मिळायला दोन-तीन दिवस जातात, तिथे मर्यादा २ ठेवली तर सगळंच अडेल ना? आणि जी कार्डं स्प्रिंटमध्ये उरतात, त्यांचे झालेले पॉइंट (स्टोरीच्या आकाराच्या अंदाजाचे आकडे) धरायचे का? वरून मागणी आहे की ८ पॉइंटची स्टोरी टेस्टिंगपर्यंत पोचली असेल तर ५ तरी दाखवा. सबटास्कचंही राहिलंच.

---

जिरा_कारभारी

आधी सबटास्क. बॅकएंड, फ्रंटएंड, टेस्टिंग असे थर पाडले की प्रत्येक जण आपापला थर बंद करतो आणि स्टोरीचा मालक कुणीच उरत नाही. पॉइंटवर चालणाऱ्या बर्नडाउनमध्ये सबटास्क मोजलेच जात नाहीत. स्टोरी सगळ्यात उजवीकडच्या कॉलममध्ये गेली तरच रेघ खाली येते. तुमची आडवी रेघ त्यामुळेच आहे, आणि ती खरं बोलते आहे. थरांचे सबटास्क बंद करा आणि स्टोरीच लहान करा. ‘अपॉइंटमेंटची वेळ बदलणे’ ही ८ पॉइंटची एक स्टोरी असेल तर अशी कापा: त्याच डॉक्टरकडे वेळ बदलणे, दुसऱ्या डॉक्टरकडे बदलणे, २४ तासांच्या आत बदलता न येण्याचा नियम, बदलाचा एसएमएस. प्रत्येक तुकडा स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत उभा असतो, म्हणून स्वतंत्रपणे तपासता येतो. पहिला तुकडा तिसऱ्या दिवशी टेस्टरच्या हातात पडतो.

आता खेचपद्धतने सांगितलेले टप्पे जिरात बसवताना पाय घसरण्याच्या जागा.

नवं स्टेटस वर्कफ्लोमध्ये (स्टेटसच्या साखळीत) घातलं आणि बोर्डच्या कॉलमला जोडायचं राहिलं, तर त्या स्टेटसमधली कार्डं बोर्डवरून दिसेनाशी होतात. ती पुसलेली नसतात. बोर्डच्या कॉलम सेटिंगमध्ये ‘न जोडलेली स्टेटस’ अशी चौकट असते, तिथून ओढून जोडा. हे स्प्रिंटच्या मध्यात करू नका, दोन स्प्रिंटच्या मधल्या दिवशी करा.

प्रत्येक स्टेटसला एक वर्ग असतो: करायचं, चालू, झालं. ‘टेस्टिंगला तयार’ आणि ‘पीओ मान्यता’ हे दोन्ही ‘चालू’मध्ये घाला. ‘पीओ मान्यता’ला हिरवा रंग आवडला म्हणून ‘झालं’ वर्गात टाकतात, आणि मग डॅशबोर्डवर ते काम संपलेलं दिसतं.

रिझोल्यूशन (तिकीट कसं सुटलं त्याची नोंद) हे वेगळं फील्ड आहे. कंपनी-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये ‘डन’कडे नेणाऱ्या ट्रान्झिशनवर (स्टेटस बदलण्याच्या पायरीवर) ते भरणारी पोस्ट फंक्शन (त्या पायरीनंतर आपोआप होणारी कृती) लावावी लागते, आणि ‘डन’वरून परत उघडणाऱ्या ट्रान्झिशनवर ते पुसणारी. पहिली राहिली तर डन झालेली कार्डं ‘न सुटलेली’ म्हणून अहवालात येतात, दुसरी राहिली तर परत उघडलेलं कार्ड सुटलेलं समजलं जातं. रिझोल्यूशनच्या यादीत ‘अनरिझॉल्व्हड’ असा पर्याय स्वतः घालू नका. कुणी तो निवडला की फील्ड भरलं जातं, आणि जिराच्या दृष्टीने तिकीट सुटलं.

रिलीजचा कॉलम स्प्रिंट बोर्डच्या उजव्या टोकाला ठेवू नका. रिलीज महिन्याने असेल तर तोवर बर्नडाउनमधून एकही स्टोरी वजा होणार नाही. त्याच प्रोजेक्टवर दुसरा बोर्ड करा. स्प्रिंट बोर्डवर ‘डन’ आणि ‘रिलीज’ ही दोन्ही स्टेटस शेवटच्या एकाच कॉलमला जोडा, रिलीजच्या बोर्डवर वेगवेगळ्या.

क्युम्युलेटिव्ह फ्लोचा आलेख (कोणत्या टप्प्यात किती कार्डं आहेत ते पट्ट्यांनी दाखवणारा) आठवड्यातून एकदा बघा. पट्टे साधारण सारख्या जाडीने वर चढत गेले तर ठीक. एखादा पट्टा रुंद होत चालला तर काम त्या टप्प्यात जितकं येतंय तितकं बाहेर पडत नाही. तुमच्याकडे तो क्यूएचा असणार. जिरात पट्टे बोर्डच्या कॉलमवरून पडतात, म्हणून ‘टेस्टिंगला तयार’ला वेगळा कॉलम दिलेल्या दुसऱ्या बोर्डवर हा आलेख बघा, तिथे तो पट्टा दोन भागांत फुटेल आणि रुंदी रांगेची आहे की तपासण्याची, ते कळेल. यावर टेस्टर वाढवायचा की नाही हे ठरतं. रांग रुंद आणि टेस्टिंग भरलेलं असेल तर क्षमता कमी आहे. रांग रुंद आणि टेस्टिंगमध्ये फ्लॅग लागलेली कार्डं असतील तर टेस्टर वाढवून उपयोग नाही, आजार रेड्याला आणि औषध पखालीला होईल.

---

खेचपद्धत

उरलेल्या कार्डांचे अर्धे पॉइंट धरू नका. डनची व्याख्या पूर्ण झाली नसेल तर काम प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत जातं, स्प्रिंट रिव्ह्यूत दाखवायचंही नाही, असं स्क्रम गाइड स्पष्ट सांगतं. स्प्रिंट बंद करताना जिरा विचारतं की उरलेली तिकिटं कुठे टाकू. पुढच्या स्प्रिंटवर टिचकी मारायची सवय असते, तिथे बॅकलॉग निवडा. पीओने पुन्हा बघून घेतली तर पुढच्या स्प्रिंटमध्ये सगळ्यात वर येतील, पण तो निर्णय म्हणून येतील, आपोआप नाही. पॉइंट मूळचेच ठेवा आणि ज्या स्प्रिंटमध्ये सुटेल तिथे पूर्ण धरा. स्टोरीची नक्कल काढून ‘भाग १’ बंद करणं आणि ‘भाग २’ पुढे नेणं हा तर आकडे फुगवण्याचा प्रकार झाला. वरच्यांना पाचाच्या ऐवजी आकडेमोडने सांगितलेला ८५ टक्क्यांचा आकडा द्या. ग्राहकाला तारीख सांगायला तोच कामाचा आहे.

पीओच्या रांगेबद्दल: मर्यादा २ ठेवली तर अडेल, आणि ते अडणं उपयोगी आहे. आज ते शेवटच्या दिवशी अडतंय, मग तिसऱ्या दिवशी अडेल, जेव्हा अजून काही करता येतं. पण पीओला एका बैठकीत निर्णय घेता येईल असं कार्ड तिच्यापुढे ठेवा. टेस्टिंग संपल्यावर दोन मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग, तपासायचा दुवा, चाचणीचं लॉगिन, आणि मान्यतेच्या अटी एकेक करून ‘पास’ लिहिलेल्या. हे संध्याकाळी सहाच्या आत कार्डावर हवं. प्रश्न असेल तर ‘हे कसं करू?’ असा उघडा प्रश्न नको, दोन पर्याय आणि तुमची शिफारस लिहा. एका प्रश्नोत्तराची फेरी म्हणजे एक पूर्ण दिवस, हे गृहीत धरून लिहा.

पीओशी दोन गोष्टी ठरवून घ्या. एक, मान्यतेसाठी आलेलं कार्ड तिच्या त्याच दिवशी बघायचं. दोन, मजकूर बदल, लहान दुरुस्त्या असल्या कार्डांना टेस्टरची मान्यता चालेल आणि त्यांना तसं लेबल आधीच, निवडताना लावायचं. ‘उत्तर आलं नाही म्हणजे मान्य’ हा नियम करू नका. पुढे एखादी स्टोरी ग्राहकाला नको होती असं निघालं की वाद होतो.

रोजचा पंधरा मिनिटांचा कॉल शिकागोच्या सकाळी नऊला ठेवला तर उन्हाळ्यात पुण्यात साडेसात वाजतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तोच कॉल साडेआठला येतो. हिवाळ्यासाठी तो शिकागोच्या आठला आणता येतो का ते आत्ताच विचारून घ्या, कारण सहाची मुदत आणि कॉल यांत जितकं कमी अंतर, तितके प्रश्न त्याच संध्याकाळी मिटतात.